यसबा मेस्त्रीचे तीन ठिपके

“मेस्त्री, आता बास झालं. उद्या गाडी सांगलीला न्हेतो,” असं म्हणून हिंदुरावानं माझ्या अण्णांच्या हातातून आपल्या जीपची किल्ली काढून घेतली.

हिसकावली नाही, पण अण्णांनी दिलीही नव्हती. ते नुकतेच गाडीची एक फेरी मारून आले होते आणि दर वेळेसारखंच म्हणाले होते, “गाडीला काय झालेलं न्हाय.”

“काय झालेलं न्हाय? रेस दिली की हिव भरल्यागत थरथरती गाडी. घाटात तर बायका देवाचं नाव घेत्यात. परवा दोघं जण मधेच उतरून दुसऱ्या गाडीत बसलं.”

“माझ्या हातात न्हाय थरथरली.”

“मग मी खोटं बोलतोय?”

“मी असं म्हणलो का?”

“म्हणायचं काय ऱ्हायलंय आता?”

बाजारचा दिवस होता. विट्याच्या वडाप स्टँडाला लागूनच आमचं गॅरेज. माणसं खच्चून भरून गावोगाव जाणाऱ्या जीपगाड्यांना आमच्याकडे वडाप म्हणतात. त्या दिवशी नंबर लावून उभे असलेले सगळे ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून आमच्याकडे बघत होते. लोकांच्या घरचं भांडण आणि दुसऱ्याच्या गाडीचा बिघाड, फुकट बघायला मिळाला तर कोण सोडतो?

हिंदुराव किल्ली बोटात फिरवत म्हणाला, “खरं सांगू का मेस्त्री, राग मानू नका. तुमचा हात गेलाय. वय झालं की जातो. त्यात लाज न्हाय.”

अण्णा, म्हणजे माझे वडील यशवंत लोहार, सगळ्या तालुक्याचे यसबा मेस्त्री, नाकावर माशी बसू न देणारे. एरवी कुणी असं बोललं असतं तर पाना फेकला असता त्यांनी. पण त्या दिवशी ते चिंधीला हात पुसत उभे राहिले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

हिंदुराव वाईट माणूस नव्हता. पण स्टँडावर त्याचा शब्द चालायचा. तो सांगलीला गेला की बाकीच्या गाड्याही त्याच्या मागोमाग जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि नुसतं कामाचं नव्हतं. अण्णांच्या नावाचा प्रश्न होता.

ते नाव कागदावर नव्हतं, लोखंडावर होतं. अण्णांच्या खिशात कायम एक पंच असायचा. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळाच, हातोडीनं ठोकला की लोखंडावर ठिपका उमटवणारा. लोक पान-तंबाखूची चंची बाळगतात तसा अण्णा तो बाळगायचे. कुठलाही भाग उघडून पुन्हा जोडला की त्याच्यावर ते तीन ठिपके उठवायचे; दोन तुकड्यांचा भाग असला तर दोन्हींवर समोरासमोर, म्हणजे पुन्हा जोडताना जागा चुकू नये. तीन ठिपके दिसले की ते काम यसबाचं. बिघडलं तर पुन्हा करून द्यायचं, तोंड वर करून एक शब्द बोलायचा नाही. गॅरेजचा कायदाच होता, जोडणी ज्याची खूण त्याची. आणि खूण करायचा मान अण्णांनी कधी कुणाला दिला नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे गॅरेजं काढलेल्यांनाही नाही, आणि मलाही नाही.

मी तेव्हा लग्नाची होते आणि लग्न जमत नव्हतं. आई म्हणायची, “वैजू, पाव्हणं तुझी नखं बघत्यात आन् पोहं न खाता उठत्यात.” नखांतलं ग्रीस रॉकेलनंही जायचं नाही, त्याला मी काय करू? नोझल, पंप, क्लच, ब्रेक, सगळं मी उघडत होते, बसवत होते. शेवटी अण्णा यायचे, एकदा हात फिरवून बघायचे आणि आपले तीन ठिपके ठोकून जायचे.

हिंदुरावाच्या गाडीचं आम्ही काय काय केलं नव्हतं! डिझेल फिल्टर बदलला. नोझल तपासून घेतले. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती नवी टाकली. दर वेळी अण्णा एकटे फेरी मारून यायचे, गाडी लोण्यासारखी चालायची, आणि दुसऱ्या दिवशी हिंदुराव तणतणत परत. त्यानं पुढं लिंबू-मिरची बांधली होती, मागं काळी बाहुली टांगली होती. दसऱ्याला सगळ्या स्टँडात त्याचीच गाडी उठून दिसत होती, तेव्हापासून नजर लागली असं त्याचं म्हणणं.

त्याला जाऊ द्यायचं नव्हतं मला. मी पुढं झाले.

“काका, एक विचारू? थरथरती ती मोकळी असताना, का माणसं भरल्यावर?”

हिंदुराव माझ्याकडे बघून हसला. “आगं, मोकळी गाडी मी कवा चालवलीया? वडाप हाय माझं. भरल्याबिगर जागची हालत न्हाय.”

ड्रायव्हर हसले. मी मात्र अण्णांकडे बघितलं. अण्णांची एक रीत होती. फेरी मारताना गाडीत दुसरं माणूस नको. “गाडी बोलत असताना मधी माणसं बोलाय नकोत,” असं ते म्हणायचे. म्हणजे हिंदुरावानं गाडी कधी मोकळी चालवली नव्हती आणि अण्णांनी कधी भरलेली. दोघंही खरंच बोलत होते आणि दोघंही एकमेकांना खोटं पाडत होते!

“अण्णा,” मी म्हणाले, “गाडी भरून बघूया.”

“टेष्टला माणसं नकोत.”

“माणसंच पायजेत. त्यांच्याबिगर रोग दिसायचा न्हाय.”

अण्णांनी किल्लीसाठी हिंदुरावापुढं हात केला. कोंडवाडीच्या गाडीची वाट बघत बायका पिशव्या घेऊन बसल्याच होत्या. हिंदुरावानं आरोळी ठोकली, “चला कोंडवाडी! आज यसबा मेस्त्री गाडी हाकणार!” तेवढ्यात गाडी भरली. मागं, बाजूला, एकमेकींच्या मांडीवर. सगळ्यात शेवटी तान्हुआक्का चढली. ती अंडी आणि कोंबड्या विकायला बाजारला यायची. त्या दिवशी एक कोंबडा खपला नव्हता, तो तिच्या पिशवीतून मान बाहेर काढून बसला.

मी कुठं बसले? बसले नाही. बायकांच्या पायांमधे गाडीच्या पत्र्यावर पालथी पडले.

“आगं बया, हिला काय झालं?” तान्हुआक्का ओरडली.

“काय झालं न्हाय आक्का. पाय जरा तिकडं घे.”

हिंदुराव पुढं अण्णांच्या शेजारी. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला. मी दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले, एक पुढं गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक मागं. कोंबडा माझ्या कानाशी चोच मारायला बघत होता. चढ लागला तसं अण्णांनी रेस दिली आणि गाडी थरथरली.

अशी थरथरली की बायकांच्या हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. पुढं हिंदुराव जवळजवळ आनंदानं ओरडला, “बगा! बगा मेस्त्री! मी म्हणत होतो का न्हाय?”

मी खालूनच ओरडले, “अण्णा, रेस सोडा!”

त्यांनी सोडली. थरथर गेली.

“परत द्या!”

परत आली.

“आता ह्याच वेगात गिअर बदला. तिसऱ्यावनं चौथा टाका, वेग तेवढाच ठेवा.”

त्यांनी तसं केलं. इंजिनचा आवाज खाली बसला, पण थरथर जशीच्या तशी. मला हसू फुटलं. बायकांना वाटलं, पोरगी गेली कामातनं. पण मला कळलं होतं. रोग इंजिनात असता तर इंजिन हळू झाल्यावर थरथरही हळू झाली असती. ती चाकांच्या वेगाला धरून होती, इंजिनच्या नाही. माझा पुढचा तळवा शांत होता आणि मागच्याला मुंग्या येत होत्या. म्हणजे नोझल, फिल्टर, रबरं, सगळी बिचारी विनाकारण बदनाम झाली होती.

“चिंचेखाली थांबा,” मी म्हणाले. “इंजिनला काय झालं न्हाय. शाफ्ट बघूया.”

घाटाच्या तोंडाशी एक मोठी चिंच होती. सगळ्या बायका उतरून सावलीत बसल्या. चाकांना दगड लावले आणि मी गाडीखाली सरपटले. दुसऱ्या बाजूनं अण्णा आले. पाठीवर, शेजारी शेजारी, बापलेक. तिथं आम्ही दोघं घरापेक्षा जास्त वेळ असायचो.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब लोखंडी दांडा. तो दोन तुकड्यांचा असतो. एकाचे दाते दुसऱ्यात सरकून बसतात. ते कसेही बसतात, पण बरोबर बसायची जागा एकच. एक दाता इकडचा तिकडं झाला की दांड्याची दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत. गाडी मोकळी असेल तर तेवढं खपून जातं. माणसं भरली, गाडी मागून दबली, वर रेस दिली की मग शाफ्ट आपला हिसका दाखवतो.

मी दोन्ही टोकांचे सांधे हलवून बघितले. घट्ट होते. ग्रीस भरपूर होतं. आणि सगळा शाफ्ट काळ्या रंगानं नुसता चकचकत होता.

“ह्यो रंग?” मी विचारलं.

“खंडेनवमीचा,” अण्णा म्हणाले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. अण्णा मात्र हत्यारांवर थांबायचे नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या ते नवरात्रात खालून उघडायचे, एकेक भाग रॉकेलनं धुवायचे, ग्रीस भरायचे, रंग द्यायचे. “माणूस वरनं नटतंय, गाडी खालनं नटली पायजे,” असं म्हणायचे. ते काम त्यांचं एकट्याचं. मी त्या दिवसांत घरी आईच्या घटापाशी असायचे. त्या वर्षी त्यांनी हिंदुरावाचा शाफ्ट सोडवून दोन्ही तुकडे वेगवेगळे रंगवले होते आणि लिंबाच्या फांदीला वाळत टांगले होते. मी डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं होतं. सुंदर दिसत होते.

मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक घेतलं आणि रंग खरवडायला लागले. पुढच्या तुकड्यावर रंगाखालून एक ठिपका निघाला. मग दुसरा, मग तिसरा. जुनी खूण, मागं कधीतरी केलेली; एकदा खूण असली की अण्णा पुन्हा ठोकायचे नाहीत. त्याच्या बरोबर समोर मागच्या तुकड्यावर तीन ठिपके असायला हवे होते. तिथं नुसतं लोखंड होतं. मी बाजूला खरवडत गेले. एक दाता सोडून तीन ठिपके सापडले.

समोरासमोर नव्हते. माझ्या बापाचं नाव माझ्या बापानंच चुकवलं होतं.

बाहेर हिंदुरावाच्या वहाणा दिसत होत्या. शेजारी तान्हुआक्काचे अनवाणी पाय, आणि पिशवीतून उतरलेला कोंबडा. मी अण्णांच्या कानाशी कुजबुजले, “अण्णा, सांध्यात ग्रीस कमी होतं म्हणून सांगूया. मी गुपचूप फिरवून बसवती. कुणाला कळायचं न्हाय.”

अण्णांनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्यांनी स्वतः थोडं खरवडलं. मग आपला अंगठा इकडच्या तीन ठिपक्यांवर ठेवला आणि तर्जनी तिकडच्या तीन ठिपक्यांवर. त्यांच्या चेहऱ्यावर रंगाच्या खपल्या पडल्या होत्या.

“तुला कळलं न्हवं,” ते म्हणाले. “मग कुणाला कळायचं न्हाय असं कसं म्हणतीस?”

आणि सरपटत बाहेर निघाले.

मी खालूनच ऐकलं. बाहेर यायचीही मला हिंमत होत नव्हती.

“हिंदुराव,” अण्णांचा आवाज आला, रोजचा, खणखणीत, “तुमच्या गाडीला नजर-बिजर काय लागली न्हाय. माझी चूक हाय. दसऱ्याला मी शाफ्ट खोलला, रंगवला, आन् बसवताना एक दाता चुकलो. रंगाखाली माझीच खूण झाकली, आन् हाताला सगळं ठावं हाय ह्या गुर्मीत बघितली न्हाय. तुमाला खोट्यात काढलं. माझं चुकलं.”

एक बाई सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला. मला वाटलं, संपलं. उद्या सगळा स्टँड सांगलीला.

पण अण्णा थांबले नव्हते. त्यांनी वाकून माझा दंड धरला आणि मला गाडीखालून ओढून बाहेर काढलं, गॅरेजात सामान ओढतात तसं. केसांत माती, कपाळाला ग्रीस, अशी मी सगळ्यांपुढं उभी.

“आन् आयका,” ते म्हणाले. “ह्या हातानं चूक क्येली, ती माझ्या ह्या पोरीनं धरली. पत्र्यावर पालथं पडून, नुसत्या तळव्यानं. मला असलं कधी सुचलं न्हवतं. आजवर तालुक्यात माझी चूक कुणी काढली न्हवती. काढणारं माणूस माझ्याच घरात हाय, ह्येची मला लाज न्हाय. मला गर्व हाय!”

अण्णांनी माझं कौतुक चारचौघांत कधी केलं नव्हतं. एकट्यातही नाही. मी खाली बघत राहिले. रडू येत होतं, पण ग्रीसच्या हातांनी डोळे पुसायचे कसे?

हिंदुरावानं डोक्याची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तो काय बोलतो याकडे सगळ्यांचे डोळे.

“मेस्त्री,” तो शेवटी म्हणाला, “सांगलीला जाऊन मी काय करू? तुमची चूक हुडकायला बी तुमच्याच घरचं माणूस लागलं.”

तान्हुआक्का म्हणाली, “ते सगळं ऱ्हाऊ द्या. गाडी जोडा आदी. माझ्या म्हशी वरडत असत्याल.”

मग सगळ्यांना हसू फुटलं, आणि ते माझ्या जिवावरचं ओझं घेऊनच गेलं.

पाने गाडीत होतेच. मी खाली जायला वळले तर अण्णा आले नाहीत. चिंचेच्या मुळीवर बसून राहिले. “तू कर,” म्हणाले. मी मागचे बोल्ट सोडले, शाफ्ट ओढला, एक दाता फिरवला. तीन ठिपके तीन ठिपक्यांसमोर आले. बोल्ट आवळले, झटका देऊन बघितले आणि बाहेर आले.

“बघता का?” मी विचारलं. आजवर शेवटचा हात त्यांचाच असायचा.

“न्हाय.”

“आवो, एकदा बघा तरी.”

अण्णांनी खिशातून पंच काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या अंगाच्या उबेनं तो गरम होता.

“जोडणी तुझी. खूण कर.”

“तीन ठिपके?”

“तीन माझे हायत. तुझी खूण तुझी तू ठरीव.”

मी पुन्हा खाली गेले. त्यांच्या तीन ठिपक्यांशेजारी मी एक ठिपका ठोकला आणि समोरच्या तुकड्यावर त्याच्या जोडीचा दुसरा. पहिला जरा तिरका उठला. राहू दिला.

हिंदुरावानं गाडीतली किल्ली काढून माझ्याकडे फेकली. “तूच चालीव. तुजी जोडणी, तुजाच घाट.”

बायका पुन्हा गच्च बसल्या. मी स्टिअरिंगवर, शेजारी हिंदुराव. अण्णा मागं चढले आणि बायकांमधे अंग चोरून बसले. आता एक सांगायला हवं. अण्णा कुठल्याही गाडीत कधी झोपायचे नाहीत. एस्टीनं आम्ही जोतिबाला जायचो तेव्हा सगळी गाडी घोरायची आणि अण्णा डोळे टक्क उघडे ठेवून चाकांचे, गिअरचे आवाज ऐकत बसायचे. कोल्हापूर आलं की उतरून ड्रायव्हरला सांगायचे, मागचं डावं ड्रम बघून घ्या. आई म्हणायची, ह्या माणसाला स्वर्गात नेलं तरी विमानाचा आवाज ऐकत बसेल.

घाट सुरू झाला. मी रेस दिली. हिंदुरावानं दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी सरळ, गुमान, चढ खात वर निघाली. त्यानं एक हात सोडला. मग दुसरा सोडला आणि तंबाखू मळायला घेतली.

मला मात्र मागचं ऐकायचं होतं. अण्णा आता म्हणतील, जरा हळू. आता म्हणतील, थांब, काहीतरी वाजतंय. मी वाट बघत होते. आरशात बघायचं धाडस होत नव्हतं, वळणं होती.

“वैजे,” मागून तान्हुआक्का हळूच म्हणाली, “मेस्त्री झोपलं की गं.”

मी आरशात बघितलं. अण्णांची मान तिच्या खांद्यावर कलली होती, तोंड उघडं होतं आणि कोंबडा त्यांच्या मांडीवर बसला होता.

“झोपू दे,” मी म्हणाले, आणि पुढच्या चढाला रेस दिली.